निरोप्याची वेठ संपली, आता स्वतःचं स्टेशन हवं



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आतली ही गोष्ट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. मोबाईल तेव्हा नव्हतेच. अशा वेळी स्वतःचे वायरलेस संच आणि बॅटऱ्या घेऊन काही माणसं त्या भागात पोचली होती. ते पोलीस नव्हते, लष्कराचे नव्हते. हौसेने रेडिओ शिकलेले, सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले साधे नागरिक होते. त्यांना 'हॅम' म्हणतात.

या हॅम रेडिओबद्दल आपल्या चळवळीत कुणी बोलत नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचाराच्या केसेस, निवडणुका यांत आपण इतके गुंतलेले असतो की 'हा श्रीमंतांचा छंद, आपला काय संबंध?' असं म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं उलटं आहे. ज्या समाजाची वस्ती नदीच्या, नाल्याच्या, ओढ्याच्या काठाला आहे, त्या समाजाला या छंदाची गरज सगळ्यात जास्त आहे. कारण आपत्तीत मदत कुठे पोचणार हे बऱ्याचदा निरोप कोण पाठवतो यावर ठरतं.

आपत्ती जात पाहत नाही, हे अर्धसत्य आहे

भूकंप जात पाहत नाही, पूर जात पाहत नाही, हे वाक्य प्रत्येक आपत्तीनंतर भाषणात येतं. जमीन हलताना जात पाहत नसेलही. पण कुणाचं घर कुठे बांधलेलं होतं हे जातीने आधीच ठरवलेलं असतं. आणि नंतरची मदत तर माणसंच वाटतात.

किल्लारीच्या पुनर्वसनातच बघा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचं. कागदावर जातीचा उल्लेख कुठेच नाही, निकष जमिनीचा आहे. पण मराठवाड्यात जमीन कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हे सांगायला समाजशास्त्रात एम. ए. करावं लागत नाही. भूकंपाने सगळ्यांची घरं एका पातळीवर पाडली, आणि पुन्हा बांधताना जुनी उतरंड मोजून उभी केली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत गावंच्या गावं पाण्यात गेली, महामार्गावरची वाहतूक थांबली, लोकांना काढायला बचाव पथकं आणावी लागली. पूर ओसरल्यावर मी एका गावात कामाला गेले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या वस्तीतल्या बायकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. गावाकडून वर जे फोन गेले, ते गावातल्या मोठ्या घरांतून गेले. साहेब लोक आले ते त्याच घरांपाशी थांबले. वस्तीतही पाणी आहे, तिथे दोन म्हातारी माणसं आणि एक बाळंतीण आहे, हा निरोप वर पोचायला दुसरा दिवस उजाडला. कुणी मुद्दाम लपवलं असं त्या बायकाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'आमचं सांगायला कोणी नव्हतं.'

मोबाईल असताना रेडिओ कशाला?

हा पहिला प्रश्न येतोच. उत्तर साधं आहे. मोबाईल ही एकट्याने चालणारी वस्तू नाही. त्याच्यामागे टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी लागते आणि बॅटरी संपली की डिझेल घेऊन येणारा माणूस लागतो. पुराने रस्ता तुटला की ही सगळी साखळी काही तासांत तुटते. टॉवर चालू राहिला तरी एकाच वेळी सगळे फोन लावायला लागले की लाइन लागत नाही. ६ डिसेंबरला दादरला गेलेल्या कुणालाही विचारा. खिशात फोन असतो आणि हरवलेल्या आईला शोधायला मात्र माईकवरून नाव पुकारावं लागतं.

हॅमचा संच थेट दुसऱ्या संचाशी बोलतो. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा छोट्या सोलर पॅनलवर तो चालतो. हातात मावणारा संच दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, शहरात काही किलोमीटर बोलतो. उंच जागी रिपीटर असेल तर पल्ला कितीतरी वाढतो. सात मेगाहर्ट्झच्या बँडवर साधारण २० मीटर लांबीची तांब्याची तार दोन खांबांना बांधली, मधोमध केबल जोडली, तर लहरी वर जाऊन आयनांबरावरून परावर्तित होतात आणि तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिसरात खाली येतात. म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या विहाराच्या गच्चीवरून दिवसा मुंबई, पुणे, हैदराबाद गाठता येतं.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद हॅम ऑपरेटरांचं पथक घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, हौसेच्या कामासाठी. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला तेव्हा त्यांच्याच संचावरून बेटांची खबर बाहेर गेली, माणसं जिवंत असल्याचे निरोप घरोघर गेले. गंगासागरच्या यात्रेत बंगालचे हॅम दरवर्षी हरवलेल्या माणसांना घरच्यांशी भेटवतात. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, आषाढीला लाखो लोक येतात. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ ऑक्टोबरला आणि विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. गर्दी आपली असते, हरवणारी म्हातारी माणसं आपली असतात. सेवा देणारे हात आपले का नसावेत?

आता सरकार मोबाईलवर आपत्तीचे इशारे पाठवतं, मोठा आवाज करून मेसेज येतो. चांगलं आहे. पण तो इशारा वरून खाली येतो. खालचा आवाज वर जायला त्यात वाट नाही. रेडिओ दोन्ही बाजूंनी चालतो.

'म्हणजे पुन्हा फुकटचे निरोप पोचवायचे?'

एका अभ्यासवर्गात मी हा विषय मांडला तेव्हा एका तरुणाने विचारलं, 'ताई, आपल्या पणजोबांनी हेच केलं ना? गावाचे सांगावे पोचवले, फुकट. आता आम्ही पण तेच करायचं?'

प्रश्न टोकदार आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा द्यायला उन्हापावसात धावायचं ते महाराने. सरकारी टपाल पोचवायचं, खजिन्याबरोबर चालायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, तेही त्यानेच. मोबदल्यात वतनाचा तुकडा आणि भाकरतुकडा. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या गुलामीचा दोर कापण्यासाठी. ती वतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. म्हणजे आपला समाज शेकडो वर्षं या देशाची संपर्क यंत्रणा होता, आणि त्या यंत्रणेवर त्याचा स्वतःचा एकही निरोप जात नव्हता.

हॅम रेडिओतही पैसे घेता येत नाहीत, नियमच तसा आहे. मग फरक काय? फरक असा की वेठ करणारा नाही म्हणू शकत नव्हता, हॅम म्हणू शकतो. वेठ करणाऱ्याला निरोपातलं काही ठरवता येत नव्हतं, हॅमचं स्टेशन त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. येसकराचं नाव निरोपात कधी आलं नाही. हॅमचा प्रत्येक निरोप त्याच्या कॉलसाइनने सुरू होतो आणि कॉलसाइननेच संपतो. भारतात ती व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होते, पुढे अक्षरं. जगात कुठेही ती पुकारली तरी ती एकाच माणसाची ओळख असते. त्यात आडनाव नसतं, गाव नसतं, आळी नसते. ज्यांना भाड्याची खोली मागताना आडनाव विचारलं गेलंय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण भाबडेपणा नको. हवेत आडनाव विचारत नाहीत हे खरं असलं, तरी हवेपर्यंत पोचायला जो जिना लागतो त्याच्या पायऱ्यांवर जात आहेच. इंग्रजीतली पुस्तकं, परीक्षेसाठी परगावचा प्रवास, आयात केलेले महाग संच, गच्चीवर अँटेना लावायला स्वतःची गच्ची. १९४२ च्या काँग्रेस रेडिओची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. उषा मेहतांच्या त्या गुप्त केंद्राचा ट्रान्समीटर बनवणारे नरिमन प्रिंटर हे मुंबईतले हौशी रेडिओवाले होते. त्या काळी हा छंद कुणाला परवडत होता हे वेगळं सांगायला नको. छंदाला मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ हीसुद्धा या देशात वारशाने मिळणारी मालमत्ता आहे. गिरणीतली पाळी करून आलेल्या आपल्या आजोबांना छंद नव्हता, कारण त्यांना संध्याकाळच नव्हती.

म्हणून छंद हा शब्द आपण हलका समजू नये. दहावीतल्या मुलीने कानाला हेडफोन लावून स्वतः बांधलेल्या तारेवर रशियातला आवाज पकडला, की तिच्या मनात विज्ञान जे घर करतं, ते पाठ्यपुस्तकाने होत नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. मजूरमंत्री असताना त्यांच्याकडे वीज आणि पाटबंधारे ही खाती होती. यंत्र ज्याच्या हातात, त्याच्या हातात उद्याची सत्ता, हे त्यांना दिसत होतं. आपण मात्र त्यांना वकिली आणि राजकारणापुरतं ठेवलं.

नियम आधी, संच नंतर

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, विशेषतः तरुण मुलांना. परवाना नसताना संच घेऊन प्रक्षेपण करू नका. ऑनलाइन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी दिसतात. त्यांतले बरेचसे परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे. अशा बेकायदा विक्रीबद्दल २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना नोटिसाही काढल्या. परवान्याशिवाय चालतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधला कमी शक्तीचा संच. बाकी काही हातात घेण्याआधी कागद हातात हवा. दुसऱ्याच्या मुलाकडे असा संच सापडला तर 'हौशी आहे' म्हणून सोडतील, आपल्या मुलाकडे सापडला तर काय काय कलमं लागतील याचा विचार करा. संविधान मानणाऱ्यांनी कायद्याच्या रस्त्याने जावं, हे तत्त्व म्हणूनही बरोबर आणि व्यवहार म्हणूनही.

दुसरं, हॅम रेडिओ चळवळीच्या प्रचाराचं साधन नाही. तिथे राजकीय भाषण, धार्मिक प्रचार, धंदा, गाणी लावणं, सांकेतिक भाषेत बोलणं, काहीच चालत नाही. एरवी दुसऱ्याचे निरोप पोचवायलाही मर्यादा आहेत, आपत्तीत त्या सैल होतात. मेळाव्यात सेवा द्यायची तर प्रशासनाला सोबत घेऊनच. हे कुणाला बंधन वाटेल. मला ती जमेची बाजू वाटते. जिथे भाषण करता येत नाही, तिथे काम करून दाखवावं लागतं.

परवाना कसा मिळतो? केंद्राच्या दळणवळण मंत्रालयाचा वायरलेस विभाग परीक्षा घेतो. वय बारा वर्षं पूर्ण हवं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडसाठी विजेची मूलतत्त्वं, रेडिओचं शास्त्र आणि नियम एवढाच अभ्यास, मोर्स लागत नाही. वरच्या जनरल ग्रेडसाठी मोर्स शिकावं लागतं. बारावी सायन्स किंवा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलाला तीन-चार महिन्यांत जमण्यासारखं आहे. परीक्षेची आणि परवान्याची फी साध्या मोबाईलच्या किमतीपेक्षा कमी पडते. संचाचं म्हणाल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी साध्या भागांतून बांधता येणाऱ्या 'बीटएक्स' संचाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, आणि जगभर लोकांनी तो सोल्डरिंग करून घरी बांधला. नुसतं ऐकायला तर काहीच लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर फुकट आहे, मोबाईलवरून हॅमचं बोलणं आज रात्रीच ऐका.

लॉगबुक हा पुरावा आहे

कार्यकर्त्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मी शेवटी ठेवलाय. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. कलम चांगलं आहे. पण भेदभाव झाला हे सिद्ध कसं करणार? 'आम्ही सांगितलं होतं' याला कागद लागतो. हॅमला लॉगबुक ठेवावं लागतं: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरची कॉलसाइन. त्याच्या जोडीला निरोपाची वही ठेवली, की वस्तीतून निरोप किती वाजता निघाला, कुणी घेतला आणि बोट किती वाजता आली, हे लिहून राहतं. ज्या समाजाची तक्रार नेहमी तोंडी राहिली, त्याच्या हातात वेळ नोंदलेला कागद येतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेसमध्ये एफआयआरच्या वेळेसाठी आपण किती भांडतो ते आठवा, म्हणजे या वहीची किंमत कळेल.

सोलापुरात काय करता येईल

जानेवारी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू केलं. त्या वेळी आपल्याकडे ना पैसा होता ना सत्ता. तरी आधी शिकायची जागा उभी केली. तोच क्रम आजही लागू आहे.

बुधवार पेठ, मिलिंद नगर, सेटलमेंट आणि सीना-भीमेच्या काठची गावं, इथे प्रत्येक ठिकाणी तीन जण तयार करायचे, त्यात किमान एक मुलगी. एकच माणूस ठेवला तर तो नेमका पुण्याला नोकरीला जातो. विहाराच्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यास, मराठीत. मराठीत नोट्स नसतील तर आपण लिहायच्या. पाच-सहा जणांचा गट झाला की परीक्षेचा प्रवास एकत्र, खर्च वर्गणीतून.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर बोलते. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर एकेक मंडळ जे खर्च करतं, त्यात एका वस्तीचं स्टेशन बॅटरी आणि अँटेनासकट उभं राहतं, आणि ते पुढची दहा वर्षं बोलतं. डीजेचा आवाज पुढच्या चौकापर्यंत जातो. राग आला तर येऊ द्या, हिशेब मात्र करून बघा.

आणि सगळा भार आपल्या वर्गणीवर का? अनुसूचित जातींच्या निधीतून, बार्टीच्या प्रशिक्षणातून या परीक्षेचे वर्ग व्हावेत ही मागणी लावून धरली पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पावसाळ्याआधी त्यांना निवेदन द्या: वस्तीनिहाय संपर्काची यादी करा, आणि त्या यादीत फक्त सरपंच-पाटील नकोत, वस्तीतला माणूसही हवा. आपले स्वयंसेवक म्हणजे सरकारने हात झटकायला मिळालेलं निमित्त नव्हे, हेही त्याच निवेदनात लिहा.

परवाना येईपर्यंतही बसून राहायचं नाही. वस्तीचा नकाशा काढा. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे अपंग, कुठे गरोदर बाई, पाणी आधी कुठून शिरतं. निरोप देण्याची सवय करा: कोण, कुठे, किती जण, काय हवं, किती वाजता. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून या पाच गोष्टी नीट निघत नाहीत, म्हणून त्याचा सराव लागतो.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या कागदावर जागा मागत बसण्यात आयुष्य घालवलं नाही. मूकनायकानंतर बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत, एकामागून एक स्वतःची पत्रं काढली. आपला आवाज दुसऱ्याच्या मेहरबानीवर ठेवायचा नाही, हा त्यातला धडा. पुराच्या रात्री हा धडा जीवनमरणाचा असतो.

पुढचा पावसाळा येईल, सीना पुन्हा फुगेल. त्या रात्री आपल्या वस्तीचा निरोप आपल्याच माणसाने, आपल्याच कॉलसाइनने पाठवलेला असावा. तयारीला लागायचं असेल त्यांनी या आठवड्यातच आपल्या विहारात चार जणांना बोलवा आणि पहिला धडा उघडा.

जय भीम! जय संविधान!